दुर्बिणीचा हरवलेला स्क्रू: दुकानात जाण्याआधी घ्यायची चार मापं

आजचा विषय नखाएवढा लहान आहे. दुर्बिणीच्या एखाद्या जोडभागाचा स्क्रू हरवला, किंवा त्याचे आटे गेले, तर त्याच्या जागी नेमका दुसरा कसा शोधायचा?

परदेशातल्या पुष्कळ मराठी घरांत एक दुर्बीण असते. मुलांच्या वाढदिवसाला, नाताळच्या सुट्टीत किंवा ग्रहणाच्या निमित्तानं घेतलेली. दोन हिवाळे ती गॅरेजमध्ये काढते, मधे एकदा घर बदलतं, आणि मग एका संध्याकाळी शनीची कडी बघायची म्हणून बाहेर काढावी तर फाइंडर डुगडुगतो, नाहीतर आयपीस जागेवर ठरत नाही. तीन स्क्रूंपैकी एक गायब असतो. सुटा स्क्रू पुष्कळदा कंपनीकडे मिळत नाही, अख्खा भागच विकत घ्यावा लागतो. मग दुर्बीण परत गॅरेजमध्ये जाते आणि मुलांचं आकाशाचं वेडही हळूहळू विरून जातं. हे सगळं होतं काही सेंटच्या, काही पेन्सच्या किंवा काही फिल्सच्या वस्तूपायी.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर नट-बोल्टच्या दुकानात जुना स्क्रू काउंटरवर ठेवला, तर मुरलेला दुकानदार नुसत्या नजरेनं तसाच दुसरा काढून देईल. इथे ती सोय फारशी उरलेली नाही. समोर भिंतभर खण असतात, त्यांवर आकडे असतात आणि दुकानदाराचं काम आपल्यालाच करायचं असतं. म्हणून ते आकडे वाचता यायला हवेत. एका ओळीत सांगायचं तर स्क्रू म्हणजे चार मापं: जाडी, पिच, लांबी आणि घडण. ही चार कागदावर लिहिली की कुठल्याही देशात स्क्रू मिळतो. ती नसली की घरात चुकीच्या स्क्रूंची पाकिटं साठत जातात. आमच्या आयटीच्या धंद्यातही हेच चालतं: आधी गरज नीट लिहून काढा, खरेदी मागाहून.

आधी त्याची भावंडं शोधा

हरवलेला स्क्रू सहसा एकुलता एक नसतो. फाइंडर धरणाऱ्या कड्यात तीन किंवा सहा सारखे स्क्रू असतात. आयपीस ज्यात बसते त्या डायगोनलला एक किंवा दोन असतात. सूर्याच्या फिल्टरच्या कडेला बऱ्याचदा तीन असतात. तेव्हा जागेवर असलेला एक स्क्रू काढा आणि त्याचीच मापं घ्या. उरलेला भाग सांडू नये म्हणून खाली टॉवेल अंथरा, आणि एका वेळी एकच स्क्रू काढा.

इथे एक फसवी जागा आहे. काही फाइंडरच्या कड्यात दोन स्क्रू असतात आणि तिसऱ्या ठिकाणी स्प्रिंग असलेली खुंटी असते. ती फाइंडरला दोन्ही स्क्रूंवर दाबून धरते. तिसरा 'स्क्रू' वेगळा दिसला तर तो वेगळाच असतो. त्याच्या जागी साधा स्क्रू पिळलात तर फाइंडर बसेल, पण त्याची दिशा जुळवताना प्रत्येक वेळी तीन ठिकाणी झटापट करावी लागेल.

चार मापं

पहिलं माप जाडीचं. व्हर्नियर कॅलिपरनं आट्यांच्या बाहेरच्या कडांवर मोजा. साधा डिजिटल कॅलिपर चालतो. लक्षात ठेवा, खरा स्क्रू नावापेक्षा किंचित बारीक भरतो. चार मिलिमीटरचा स्क्रू कॅलिपरवर साधारण ३.९ दाखवेल. तो बिघडलेला नाही, तसाच बनवतात, म्हणजे छिद्रात फिरायला जागा राहते.

दुसरं माप पिचचं, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर. एकच अंतर मोजू नका, दहा मोजा आणि दहानं भागा. स्क्रू पट्टीवर आडवा ठेवून मोबाइलनं जवळून फोटो काढा आणि तो मोठा करून शांतपणे मोजा. चाळिशी लागलेल्यांना ही युक्ती विशेष उपयोगी पडते.

तिसरं माप लांबीचं. साध्या गोल किंवा उंच डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्याच्या खालून मोजतात. डोकं लाकडात बुडतं तशा तिरक्या डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात. ज्याला डोकंच नसतं, त्या ग्रब स्क्रूची या टोकापासून त्या टोकापर्यंत.

चौथं माप घडणीचं. डोकं कसं आहे? बोटांनी फिरवायचं, अ‍ॅलन कीनं की स्क्रू-ड्रायव्हरनं? टोक कसं आहे? सपाट, गोल, टोकदार की नायलॉनचं? आणि धातू कोणता?

मिलिमीटर की इंच?

खरी गफलत इथेच होते. जगात आज आट्यांच्या दोन मुख्य पद्धती चालतात. मेट्रिक पद्धतीत स्क्रूचं नाव एम ४, एम ५, एम ६ असं असतं आणि आकडा सरळ मिलिमीटरमध्ये जाडी सांगतो. एम ४ ची नेहमीची पिच ०.७ मिलिमीटर, एम ५ ची ०.८, एम ६ ची १.

अमेरिकी पद्धतीत ६-३२, ८-३२, १०-२४, १०-३२ अशी नावं असतात. दुसरा आकडा सोपा आहे: एका इंचात किती आटे. पहिला आकडा नुसता क्रमांक आहे, पण त्यामागे गणित आहे. क्रमांकाला ०.०१३ नं गुणा, त्यात ०.०६० मिळवा, की जाडी इंचात मिळते. आठ क्रमांकाचा स्क्रू ०.१६४ इंच, म्हणजे ४.१७ मिलिमीटर. दहा क्रमांकाचा ०.१९० इंच, म्हणजे ४.८३ मिलिमीटर. पाव इंचापासून पुढे क्रमांक संपतात आणि थेट १/४-२० असं लिहितात.

ही दुफळी आली कुठून? ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवलं, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये फिलाडेल्फियात ६० अंशांची पद्धत मांडली. दुसऱ्या महायुद्धात दोन मित्रदेशांचे नट-बोल्ट एकमेकांना लागेनात, तेव्हा १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी इंचाची एकच पद्धत मान्य केली. पुढे जवळजवळ सगळं जग मेट्रिककडे गेलं, अमेरिकेत मात्र इंच टिकला.

दुर्बीण या दोन्ही जगांत एक एक पाय ठेवून उभी असते. आयपीसची नळी जगभर सव्वा इंचाची, म्हणजे ३१.७५ मिलिमीटरची, किंवा दोन इंचांची असते. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायचा स्क्रू जपानी कॅमेऱ्यालाही १/४-२० लागतो. त्याच दुर्बिणीच्या फाइंडरचे स्क्रू मात्र मेट्रिक असू शकतात.

म्हणून दुर्बीण आणि तिचा जोडभाग कुठे आणि केव्हा बनला, हे आधी बघा. चीन आणि तैवानमध्ये बनलेले आजचे बहुतेक जोडभाग मेट्रिक असतात, आणि लहान स्क्रू बहुधा एम ४ किंवा एम ५ निघतात. जुन्या अमेरिकी दुर्बिणींवर इंचाचे आटे सापडतात. सेलेस्ट्रॉनचंच उदाहरण घ्या. तिची प्रसिद्ध आठ इंची सी ८ दुर्बीण १९७० पासून कॅलिफोर्नियात बनत होती, आणि २००५ मध्ये ही कंपनी तैवानच्या सिंटाकडे गेली. तेव्हा एखाद्या गृहस्थाकडून जुनी दुर्बीण घेतली आणि तिच्यावर नवा फाइंडर चढवला, तर नळीवर बसणारे स्क्रू इंचाचे आणि कड्यातले मिलिमीटरचे, असा संसार सहज दिसतो. कंपनीचं नाव वाचून आटे ठरवू नका. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे मोजा.

ब्रिटनमधल्या श्रोत्यांसाठी एक जादा सूचना. तिथल्या जुन्या उपकरणांवर तिसरी पद्धत भेटू शकते, ब्रिटिश असोसिएशन, म्हणजे बीए. तिचा क्रमांक जितका मोठा, स्क्रू तितका बारीक. अमेरिकी क्रमांकाच्या अगदी उलट. २ बीए हा ४.७ मिलिमीटरचा आहे आणि त्याच्या आट्याचा कोनही वेगळा, साडेसत्तेचाळीस अंशांचा. तो एम ५ च्या जवळपास दिसतो, पण त्याची जागा एम ५ नं भरून निघत नाही.

जुळ्यासारखे दिसणारे स्क्रू

दोन जोड्या विशेष फसवतात.

पहिली एम ४ आणि ८-३२. जाडी ४ आणि ४.१७, पिच ०.७ आणि ०.७९. एम ४ चा स्क्रू ८-३२ च्या छिद्रात शिरतो, सुरुवातीला सैलसर फिरतो आणि मग अडकतो. आपल्याला वाटतं, गंज असेल, जोर लावू. त्या जोरानं अ‍ॅल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. स्क्रू पोलादाचा आणि छिद्र अ‍ॅल्युमिनियमचं, मग हार कोणाची होणार ते ठरलेलंच आहे.

दुसरी जोडी अधिक कपटी: एम ५ आणि १०-३२. दोघांची पिच जवळजवळ एकच, ०.८ आणि ०.७९. फरक फक्त जाडीचा. १०-३२ चा स्क्रू एम ५ च्या छिद्रात अगदी आतपर्यंत जातो, म्हणून बरोबर बसला असं वाटतं. पण तो हलतो, आणि वजन आलं की आट्यांवरची त्याची पकड सुटू शकते. उलट एम ५ चा स्क्रू १०-३२ च्या छिद्रात कोंबला तर पहिल्याच फेऱ्यांत आटे कापतो.

यांना वेगळं ओळखायला कॅलिपर पुरतो. ३.९ दाखवलं तर एम ४ आणि ४.१ च्या आसपास दाखवलं तर ८-३२. ४.७ ते ४.८ असेल तर दहा क्रमांक, आणि ४.९ असेल तर एम ५.

कॅलिपर नसेल तर ओळखीचा एक स्क्रू घ्या आणि दोघांना शेजारी आडवे धरून आट्यात आटे अडकवा. मागून दिवा दाखवा. पूर्ण लांबीभर दात दातांत बसले आणि मधे उजेड दिसला नाही, तर पिच एक आहे. कुठेही फट दिसली तर ते वेगळे. एम ४ आणि ८-३२ यांना ही परीक्षा लगेच वेगळं काढते. एम ५ आणि १०-३२ यांच्यापुढे मात्र ती चालत नाही, तिथे जाडीच मोजावी लागते.

अ‍ॅलन कीवरून मात्र काहीही ठरवू नका. ८-३२ च्या ग्रब स्क्रूला ५/६४ इंचाची की लागते, म्हणजे १.९८ मिलिमीटर, आणि एम ४ च्या ग्रब स्क्रूला २ मिलिमीटरची. एकाची की दुसऱ्यात बेमालूम बसते. की बसली म्हणून स्क्रू मेट्रिक आहे, हा निष्कर्ष पुष्कळांना चुकीच्या खणाकडे नेतो.

छिद्र आहे, स्क्रू एकही नाही

भावंडंही हरवली असतील तर ओळखीचे स्क्रू आणून छिद्रावर परीक्षा घ्यावी लागते. प्रत्येक मापाचा एक एक पुरतो. बारीकापासून सुरुवात करा. स्क्रू आधी उलटा, डावीकडे, हलकेच फिरवा. 'टक' असा बारीक आवाज किंवा धक्का जाणवेल. तिथे आट्यांची तोंडं जुळलेली असतात. मग उजवीकडे, फक्त दोन बोटांनी फिरवा. बरोबरचा स्क्रू चार-पाच फेरे सहज जातो आणि आडवा हलवला तर डुलत नाही. दोन फेऱ्यांत अडला, तर परत काढा. या परीक्षेत पान्याला किंवा स्क्रू-ड्रायव्हरला हातसुद्धा लावायचा नाही. मुलांना बरोबर घ्यायचं असेल तर हा नियम त्यांना आधी सांगा. जोर बोटांचा, हत्याराचा नाही.

लांबी आणि टोक: इथे काच आणि डोळे गुंतलेले आहेत

जाडी आणि पिच जुळली की आपण निर्धास्त होतो. पण नुकसान बहुतेक वेळा लांबीमुळे होतं.

फाइंडरच्या कड्यासाठी साधा हिशेब करा. कड्याचा आतला व्यास ६० मिलिमीटर आणि फाइंडरची नळी ४० मिलिमीटर असेल, तर प्रत्येक बाजूला १० मिलिमीटर फट राहते. कड्याची जाडी ५ धरा, झाले १५. दिशा जुळवायला आणि बोटांना जागा म्हणून आणखी पाच ते दहा. म्हणजे २० ते २५ मिलिमीटरचा स्क्रू लागेल.

दुर्बिणीच्या मुख्य नळीत जाणाऱ्या स्क्रूला मात्र असं 'थोडं जास्त असू दे' चालत नाही. आरसा आणि भिंग दोन्ही असलेल्या आखूड नळीच्या दुर्बिणीत मागच्या बाजूच्या स्क्रूमागे लगेच मुख्य आरसा असतो. मूळ स्क्रूपेक्षा लांब स्क्रू आत जाऊन त्या आरशाला टेकू शकतो. म्हणून तिथे मूळ लांबीच घ्या, आणि शंका असेल तर आखूड घ्या. अशाच दुर्बिणींच्या पुढच्या काचेवर मधोमध छोटा आरसा जुळवायचे तीन स्क्रू असतात. ते बदलायचे झाले तर एक काढा, त्याच्या जागी नवा बसवा आणि मगच दुसऱ्याला हात लावा. तिन्ही एकदम काढले तर तो आरसा सुटून मुख्य आरशावर पडू शकतो.

आयपीसला किंवा फाइंडरला टेकणाऱ्या स्क्रूचं टोक नायलॉनचं असलेलं बरं, म्हणजे नळीवर ओरखडे पडत नाहीत. डोकं मोठं आणि खडबडीत घ्या. मिनेसोटाच्या थंडीत हातमोजे घालून किंवा अंधारात चाचपडत तेच फिरवायचं आहे. दुबई, मस्कत, मुंबई अशा खाऱ्या, दमट हवेत स्टेनलेस स्टील टिकतं. मात्र स्टेनलेस स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं घट्ट ठेवला तर चिकटून बसतो, म्हणून अधूनमधून सैल करून परत लावावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सूर्याच्या फिल्टरला बाजूनं नायलॉनचे स्क्रू असतील, तर ते स्क्रू म्हणजे तुमच्या मुलाचा डोळा आणि दुर्बिणीत एकवटलेलं ऊन यांच्यामधलं कुंपण आहे. वाऱ्याच्या एका झोतानं फिल्टर निघाला तर डोळ्याला कायमची इजा व्हायला क्षण पुरतो. जुनं नायलॉन ठिसूळ होतं, म्हणून तडा दिसला तर तिन्ही स्क्रू बदला. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसवा, स्क्रू आवळून झाले की कडेनं चिकटपट्टीही लावा आणि फिल्टर हलक्या हातानं ओढून बघा. फाइंडर झाका किंवा काढून ठेवा. ग्रहणाचा साधा चष्मा घालून दुर्बिणीत डोकावणं हा पर्याय कधीच नाही. २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास ग्रहणाची सावली जिद्दा आणि मक्केवरून जाणार आहे. त्या दिवशी सूर्याकडे वळणारी प्रत्येक दुर्बीण आधी या कसोटीतून जाऊ द्या. फिल्टरचा योग्य स्क्रू मिळाला नाही, तर त्या दिवशी ती दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही.

दुकानात

अमेरिकेतल्या मोठ्या हार्डवेअर दुकानांत खणांजवळ आटे तपासायची पाटी टांगलेली असते. तिच्यावर प्रत्येक मापाचे नमुने असतात, इंचाचे आणि मेट्रिकचे वेगवेगळे. आपला स्क्रू त्यावर बोटांनी फिरवून बघता येतो. मेट्रिकचे खण सहसा थोडे आणि कोपऱ्यात असतात, ते विचारून घ्या. नायलॉन किंवा विशेष टोकाचे स्क्रू दुकानात नसले तर मॅकमास्टर-कारसारख्या औद्योगिक पुरवठादाराच्या यादीत सापडतात. ब्रिटन आणि आखातात मेट्रिक सहज मिळतं. तिथे इंचाचे स्क्रू मागवावे लागतात. भारतात जाणार असाल तर मापं लिहिलेला कागद आणि नमुन्याचा एक स्क्रू घेऊन जा.

ऑर्डरचा कागद असा असावा: 'एम ४, पिच ०.७, लांबी २० मिलिमीटर, बोटांनी फिरवायचं डोकं, नायलॉनचं टोक, तीन नग.' आणि तीनच्या जागी सहा घ्या. उरलेले तीन छोट्या डबीत घाला, डबीवर माप लिहा आणि ती दुर्बिणीच्या पेटीतच ठेवा. पुढच्या वेळी शोधणारा कदाचित तुमचा मुलगा किंवा मुलगी असेल.

आटेच गेले असतील तर

स्क्रू बरोबर आहे, पण छिद्रातले आटे गेलेत, तर दोन मार्ग आहेत. छिद्राभोवती भिंत जाड असेल तर पुढच्या मापाचं ड्रिल आणि टॅप मारून नवे आटे पाडता येतात. एम ४ चं एम ५ होतं. नाहीतर तारेच्या गुंडाळीचा आट्यांचा धागा बसवून मूळ माप परत आणता येतं. दोन्ही कामं सुटा भाग घेऊन मशीन-शॉपमध्ये करावीत. भाग नळीवर असताना ड्रिल लावलं तर धातूचा कीस आरशावर जातो. डिंक किंवा चिकटद्रव्य भरून स्क्रू बसवायचा मोह टाळा. फिल्टर किंवा जड आयपीस धरणाऱ्या जागी तर नक्कीच.

तर श्रोतेहो, या शनिवारी-रविवारी गॅरेजमधली दुर्बीण बाहेर काढा. एक स्क्रू काढा, मुलांच्या हातात कॅलिपर द्या आणि चारही मापं त्यांनाच लिहू द्या. जाडी किती, पिच किती, लांबी किती, घडण कशी. पाव तासात होणारं काम आहे. नंतरची संध्याकाळ शनीसाठी राखून ठेवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच. नमस्कार.